दोन डिस्कांवरची मरिया

माझे दाजी थॉमस राहात्यात कॉम्प्युटर क्लास चालवायचे. माणूस भला, पण हट्टाला पेटला की कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. माझी बहीण मरिया वारली आणि तो हट्ट घरात मुक्कामालाच आला.

आमच्याकडे दिवेलागणीला कुटुंबाची प्रार्थना होते आणि ती घरची बाई चालवते. मरियाची प्रार्थना दाजींनी एका नाताळात हौसेने कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केली होती. ती गेल्यावर रोज तीच लावायचे. स्पीकरमधून मरिया प्रभूचे आभार मानायची आणि आम्ही जिवंत माणसं आमेन म्हणायचो. माझ्या अंगावर काटा यायचा. त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी एस्तेर तर डोळे उघडे ठेवूनच बसायची.

अठ्ठ्याण्णव साली ती प्रार्थना साठवलेली कॉम्प्युटरमधली डिस्क कटकट वाजायला लागली, तेव्हा दाजींनी फक्त अन्नपाणी सोडायचं बाकी ठेवलं. मदरबोर्ड आणायला मला पुण्याला ओढत नेलं. दुकानदार एकेक नवा बोर्ड दाखवत होता; यांचं आपलं एकच, दोन डिस्क दोन वेगळ्या केबलींवर लागल्या पाहिजेत, एक केबल गेली तरी दुसरी डिस्क जगली पाहिजे. पोरीसाठी स्थळ बघतानाही कोणी इतकं खोदून विचारत नसेल. घरी येऊन त्यांनी कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं, दोन नव्या डिस्कांची जोडी लावली आणि प्रार्थना तिच्यावर उतरवली; जुनी डिस्क आठवडाभरात मेलीच. एकीवर जे होईल ते त्याच क्षणी दुसरीवर. मी म्हटलं, एक कॅसेटही भरून ठेवा, तर माझ्यावरच उखडले. आता मरियाला मरण नाही, म्हणाले.

ईस्टरनंतर एका संध्याकाळी स्पीकर गप्प राहिला. दाजींनी सगळं तपासलं. दोन्ही डिस्क ठणठणीत होत्या आणि दोन्हींवर मरिया नव्हती.

“मी पुसली, पप्पा,” एस्तेर म्हणाली. “मम्मी रोज येती आन् रोज जाती. मला न्हाई सोसवत आता.”

एकीवरून पुसलं तेव्हाच दुसरीवरूनही गेलं होतं. डिस्कांच्या जोडीने सांगितलेलं काम चोख केलं होतं. दाजी पोरीवर हात उगारतील या भीतीने मी उठलो, पण ते नुसते म्हणाले, “मग आता तू म्हण.”

एस्तेरने डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. दोन-तीन वाक्यं नीट गेली. मग तिचा आवाज उतरत उतरत हुबेहूब मरियाचा झाला. दाजींनी झटकन मान वर केली. एस्तेरलाही तो ऐकू आला असावा. ती थांबली, गळ्यावर हात धरून बसली, आणि पुढचं वाक्य आमच्यापैकी कोणालाच म्हणवेना.