राणीफाटक बसवले त्या वर्षी

चार पेट्या होत्या तोपर्यंत मधमाश्या पाळणे हे माझ्यासाठी माणसांपासून थोडे दूर बसण्याचे सभ्य निमित्त होते. मुरबाडहून वैशाखऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावी आमचे घर होते, आणि मी तालुक्याच्या हायस्कुलात संस्कृत व मराठी शिकवीत असे. शाळेतून परतलो की कपडे बदलून परसात जाई. कोणी भेटायला आले तर ओटीवरूनच विचारी, "गुरुजी पेट्यांपाशी आहेत काय? मग राहू द्या." ते 'राहू द्या' ऐकले की मला हायसे वाटे. वर्गातल्या चाळीस मुलांपुढे मी व्यवस्थित बोलत असे; पण मोठ्या माणसांपैकी एखाद्यानेही समोर बसून काही मागितले की माझी वाणी आटत असे.

माश्या सातेरी जातीच्या, आपल्या डोंगरात झाडांच्या ढोलीत राहणाऱ्या. त्या मला वाडीवरच्या एका कातकरी म्हातारीने आणून दिल्या होत्या. ढोलीत उघडा हात घालून ती पोळे अलगद बाहेर काढी, राणी कोठे आहे ते नुसत्या आवाजावरून सांगे, आणि मी तोंडावर जाळी घेऊन तीन हात मागे उभा राही. ती सगळ्या गावाला अरे-तुरे करी. मी त्याला अपवाद नव्हतो. "तुला चावत नाय, तुझ्या भ्याला चावतंय," असे ती एकदा म्हणाली होती. तिला विचारण्यासारखे पुष्कळ होते, पण मी विचारले नाही. मी आठ दिवसांच्या एका सरकारी शिबिराला जाऊन आलो होतो आणि माझ्याजवळ त्याची वही होती.

माझा मेहुणा कल्याणला राही. औषधी मुळ्या, हिरडे, बेहडे असा त्याचा व्यापार होता. एका उन्हाळ्यात तो बहिणीला भेटायला आला आणि जाताना जांभळाच्या मधाच्या तीन बाटल्या घेऊन गेला. पंधरा दिवसांनी परत आला तो पायातल्या चपला न काढताच ओटीच्या पायरीवर बसला.

"भावोजी, असला मध कल्याणात कोणी बघितलेला नाही. वैद्य म्हणतात, दरसाल आठ डबे द्या. डबे म्हणतोय मी, बाटल्या नव्हे."

"बघू," मी म्हणालो.

"बघायचं काय त्यात? पेट्या वाढवायच्या. माश्या काय पगार मागतात?"

"बघू."

माझी पत्नी आत तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवल्याचा आवाज मला ऐकू आला. मेहुणा गेल्यावर ती म्हणाली, "तुम्ही त्याला दोनदा बघू म्हणालात. तो तिकडे जाऊन दोनदा हो सांगेल." झालेही तसेच. दिवाळीच्या सुमारास आमच्या सुताराने पहिल्या बारा पेट्या घडवल्या, आणि त्या करायला कोणी सांगितले होते हे मला शेवटपर्यंत नीट कळले नाही. मी सांगितले नव्हते, आणि नकोतही म्हटले नव्हते.

दोन वर्षांत पेट्या अठ्ठेचाळीस झाल्या. काही आमच्या परसात, काही वैशाखऱ्यापलीकडे घाटाच्या पायथ्याशी हिरड्याच्या रानात, आणि काही किन्हवलीच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या बांधावर. प्रत्येक पेटी आठ-दहा दिवसांनी उघडून पाहावी लागे. शाळा सांभाळून ते होईना. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी राजीनामा दिला. मुख्याध्यापक भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "जून महिन्यात जागा भरावी लागेल. नंतर आलात तर मला तुम्हाला उभेच ठेवावे लागेल." तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली, ती अशी की या माश्या टिकल्या पाहिजेत. टिकल्या नाहीत तर त्या खोलीत जाऊन, उभे राहून, मला काही मागावे लागणार होते. वैद्यांच्या डब्यांपेक्षा मला त्या उभे राहण्याची धास्ती अधिक होती.

सातेरी माशीचा एक स्वभाव आहे: उपासमार झाली, मुंग्या लागल्या, किंवा काही न होताही तिचे मन उठले, तर सगळे मोहोळ राणीसह घर सोडून निघून जाते. चार पेट्यांतली एक अशी गेली होती तेव्हा मला वाईट वाटले होते आणि मी ते विसरलो होतो. अठ्ठेचाळिसांतल्या पाच एकाच आषाढात गेल्या. किन्हवलीला मी पोचलो तेव्हा एका पेटीत रिकामी पोळी आणि मेणकिड्याची जाळी एवढेच उरले होते. बांधाचा मालक म्हणाला, "गुरुजी, तुमची बिऱ्हाडं भाडं न देता पळाली." मी हसलो, पण बसमध्ये बसल्यावर उरलेल्या पेट्या पुन्हा पुन्हा मोजू लागलो.

यावर उपाय वहीत होता. राणीफाटक म्हणजे पत्र्याची एक पट्टी. तिला इतक्या बारीक फटी असतात की कामकरी माशी त्यांतून सहज जाते-येते, पण जाड पोटाची राणी अडकते. ती पेटीच्या दारावर बसवली की राणी बाहेर पडू शकत नाही, आणि राणीवाचून मोहोळ जात नाही. वहीत मी माझ्याच सुवाच्य अक्षरात लिहून घेतले होते: 'फाटक योग्य वेळी काढावे.' योग्य वेळ कोणती, हे लिहिलेले नव्हते. शिबिरातल्या शिक्षकांनी शेवटी शंका विचारायला सांगितले होते. तीस माणसांत हात वर करणे मला जमले नव्हते.

पुढच्या वर्षी, गेलेल्या पाच पेट्यांत नवी मोहोळे भरून, मृग लागण्यापूर्वी, मी एकूण एक पेटीला फाटक बसवले. तो पावसाळा माझ्या आयुष्यातला सर्वांत निश्चिंत असायला हवा होता. एकही पेटी गेली नाही. तरीही मी सकाळी उठून आधी परसात जाई आणि फाटकाला बोट लावून ते घट्ट आहे ना ते पाही. दुपारी पुन्हा पाही. वैशाखऱ्याला जाणारी बस ओढ्याच्या पाण्यामुळे अडली, तर दिवसभर मला घास गोड लागत नसे. साखरेचा पाक करून मी माश्यांना घालीत असे. पत्नी एकदा म्हणाली, "त्यांना कोंडून तुम्हीच घराबाहेर पडेनासे झाला आहात. माझ्या मावशीकडचं लग्नसुद्धा चुकवलंत." मी म्हणालो, पाऊस सरला की फाटके काढतो. पाऊस सरला. डोंगरउतारावर खुरासणीची शेते फुलून पिवळी झाली, तरी फाटकांना मी हात लावला नाही. किन्हवलीची ती रिकामी पेटी डोळ्यांपुढे येई. आणखी आठ दिवस, असे मी चार वेळा ठरवले.

दसऱ्यानंतर म्हातारी सरपणाची मोळी घेऊन आमच्या परसातून चालली होती. ती एका पेटीपाशी थांबली, मोळी उतरवली आणि उकिडवी बसून पाहू लागली. मी जवळ गेलो.

"ह्या माश्यांच्या पायाला पीठ नाय," ती म्हणाली.

फुलांतले पराग माशी मागच्या पायांना गोळ्या करून आणते. म्हातारी त्याला पीठ म्हणे. मी म्हणालो, "येईल आता. खुरासणी फुलली आहे."

"शेजारची आणतेय, ही नाय आणत. पीठ पोरांसाठी आणत्यात. घरात पोर नाय तर पीठ कोणासाठी आणंल? उघड."

मी पेटी उघडली. पोळ्यावर काळसर, मोठ्या डोळ्यांचे नर दाटले होते. कामकरी माश्या विरळ, जुन्या, पंख झिजलेल्या. घरांची झाकणे टोपीसारखी वर आलेली आणि प्रत्येकाच्या मधोमध बारीक छिद्र. म्हणजे आत नरच. फाटकाच्या आतल्या बाजूला मेलेल्या नरांचा थर साचला होता. तेही जाड, तेही बाहेर जाऊ शकले नव्हते.

म्हातारीने फाटकावर नख वाजवले. "हे कवाधरनं?"

"मृगाच्या आधीपासून."

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग हसू लागली. दुष्टपणाने नव्हे, अगदी पोट धरून. "अरे गुरुजी, पावसात म्हातारी राणी मेली आसंल, माश्यांनी नवी केली. नवी राणी एकदा बाहेर जाते, वर आभाळात, नवऱ्यांकडं. तू पोरीला दाराला कडी लावून ठेवलीस आनी आता नातवंडं मागतोस? बिननवऱ्याची राणी निसते हे काळे घालते. खाणारे."

मी मान खाली घातली. राणीच्या विवाहोड्डाणावर मी स्वतः वहीत अर्धे पान लिहिले होते. ते पान आणि हे फाटक एकाच पेटीविषयी आहेत, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

"तू मला इचारलं का नाय रे?" ती म्हणाली. "मी आठवड्याला दोनदा हितनं जाते."

मी विचारले, "आता काय करायचे?" हा मी तिला विचारलेला पहिला प्रश्न.

पुढच्या तीन दिवसांत मी तिन्ही ठिकाणच्या पेट्या उघडून पाहिल्या. तिने सांगितलेला उपाय असा होता. नर घालणारी राणी शोधून काढून टाकायची, चांगल्या मोहोळातली अंड्यांची एक चौकट त्या पेटीत द्यायची, म्हणजे माश्या नवी राणी करतात. एकोणीस पेट्या बिघडल्या होत्या. आणि फाटके काढायची, सगळ्याच पेट्यांची. कारण नव्या राण्या बाहेर जाणार तर त्यांच्यासाठी चांगल्या पेट्यांतले नरही मोकळे हवेत, आणि आज चांगली असलेली कोणती पेटी उद्या राणी बदलील हे बाहेरून कळत नाही.

बिघडलेल्या पेट्यांत मी हे सगळे केले आणि त्यांची फाटके लगेच काढली. चांगल्या एकोणतीस मात्र तशाच राहिल्या. त्याच आठवड्यात मेहुणा आला. मी त्याला सगळे सांगितले; निदान सांगायला सुरुवात केली, उरलेले पत्नीने सांगितले.

तो म्हणाला, "चांगल्या आहेत त्यांची फाटकं राहू द्या. खुरासणीचा मध निघेपर्यंत. मी शब्द दिलाय, भावोजी. ह्या एकोणतीस पण उडाल्या तर मी वैद्यांना तोंड कसं दाखवू?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्याहून वाईट म्हणजे माझेही म्हणणे तेच होते. तोंड दाखवण्याचा प्रश्न मलाही होताच. ओठांवर 'बघू' आलेले मला कळले. पत्नी दारात उभी होती.

मी उठलो आणि परसात गेलो. पहिल्या फाटकाचे खिळे गंजले होते, ते निघेनात; पत्नीने आतून विळी आणून दिली. विळीच्या टोकाने मी एकेक उचकटले. मेहुणा मागे उभा राहून म्हणत होता, "भावोजी, निदान चार ठेवा. निदान दोन." मी त्याला उत्तर दिले नाही, कारण बोललो असतो तर दोन ठेवली असती. परसातली नऊ फाटके निघाली तेव्हा ऊन चांगले वर आले होते.

दुपारी कडेची एक पेटी उठली. आधी दारावर गर्दी झाली, मग माश्या धारेने बाहेर पडल्या आणि परसावर घोंगावू लागल्या. अशा वेळी पाणी शिंपडून, माती उधळून त्यांना खाली बसवता येते. बादली हाताशी होती. मेहुणा म्हणाला, "मारा की पाणी." मी बादलीच्या कडीला हात घातला, आणि तसाच उभा राहिलो. ते मोहोळ आंब्यावर क्षणभर टेकले आणि डोंगराकडे निघून गेले. मेहुण्याने डोक्याला हात लावला. "गेली," तो म्हणाला, "आणि तुम्ही बघत बसलात."

दुसऱ्या दिवशी मी वैशाखऱ्याला गेलो, तिसऱ्या दिवशी किन्हवलीला. एकोणतिसांतल्या सहा त्या महिन्यात गेल्या. बिघडलेल्या एकोणिसांपैकी अकरांत नव्या राण्या अंडी घालू लागल्या. बाकीच्या आठ मी इतरांत मिळवून टाकल्या. त्या साली आठांऐवजी दोन डबे मध निघाला.

मधाच्या भरवशावर जूनपर्यंत थांबण्यासारखे काही नव्हते. मार्गशीर्षात मी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो. त्यांनी मला उभे ठेवले नाही, पण जागाही नव्हती; कोणी शिक्षक रजेवर असेल तेवढ्या काळापुरते सकाळच्या वर्गांना बोलवू, असे ते म्हणाले. मी हो म्हटले. परतताना बसस्थानकावर बसून मेहुण्याला पत्र लिहिले. पुढच्या वर्षी किती डबे होतील ते मी सांगू शकत नाही. जेवढा मध होईल तेवढा देईन. वैद्यांना आकडा सांगू नये. ते लिहून झाल्यावर त्याखाली काही नम्र शब्द घालावेत असे वाटले, पण कोणते ते सुचेना, आणि बस आली.