रेवणप्पाचे उंच पाय

रेवणप्पा सकाळी सातलाच घेतो, अशी सास्तुरात कुजबूज होती. घेतो म्हणजे चहा नव्हे. पाण्याच्या जळक्या मोटारींत नवी तार भरायच्या आपल्या दुकानाकडं निघाला की तो कोंबड्यासारखा पाय उंच उचलायचा अन् फटकन आपटायचा. गळ्यात लिंग अन् पोटात देशी! गावाला एवढं पुरतं.

रेवणप्पाला मात्र भलतीच उत्सुकता. जळकी मोटार उघडून पाहिल्याशिवाय ज्याला करमत नाही, तो स्वतःच्या पायाचं कोडं कसं सोडील? एकदा त्यानं मीटरची टोकं पोटरीला टेकवून पाहिली. बायको शांताक्का म्हणाली, "आता तारबी पोटरीतच भरा!"

लेकीचं, गायत्रीचं, वाशीच्या शिवकुमारशी जुळत आलं. मुलाचे चुलते कल्याणप्पा बोलणी करायला आले, तेव्हा शांताक्कानं नवऱ्याच्या तोंडात वेलदोडे कोंबले. अफवेला उत्तर म्हणून! तिथंच घोळ झाला. सकाळी सकाळी वेलदोडा कोण चघळतं, हे कल्याणप्पांना पक्कं ठाऊक. पान घ्यायच्या निमित्तानं ते जवळ सरकले, नाकपुड्या फुगवल्या अन् समजूतदारपणे म्हणाले, "असू द्या, पाव्हणं. सुटती ही सवय. आमची हरकत न्हाय."

गायत्रीला ते झोंबलं. आठवड्यात तिनं बापाला सोलापूरला नेलं. नसांतून निरोप जायचा वेग मोजला, रक्त तपासलं. अहवाल आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नसांवर वेष्टण असतं. ते घडवणाऱ्या पेशींना जनुकांचा हुकूम लागतो. एका जनुकाच्या दोन प्रती हव्यात, तुमच्यात तीन आहेत. हुकूम जास्त झाला की वेष्टण धड बनत नाही. निरोप पायापर्यंत रखडत जातो, पंजा लोंबतो, म्हणून पाय उंच उचलावा लागतो."

"म्हंजे मोटारीच्या तारंला वार्निश जास्त पाजलं!" रेवणप्पाचे डोळे चमकले. "जास्त पाजलं की आतून कच्चं राहतंय, पापुद्रे सुटत्यात. पर बाई, पाजलं कुणी?"

"आईबापाकडून येतं बहुधा. लेकीत उतरायची शक्यता निम्मी."

डोळे विझले. बाहेर येऊन तो पुटपुटला, "दारुड्याची लेक त्यांना चालत हुती गं. हे सांगितलं तर सोयरीक मोडंल."

"अप्पा, न पिता दारुडे म्हणवून घेणार तुम्ही? माझंबी रक्त देऊ. निघंल ते आपणच सांगू."

तिच्यातही तेच निघालं. वाशीला जाऊन तिनं स्वतः सांगितलं. कल्याणप्पांनी कपाळ चोळलं. "यापरीस दारू परवडली की ओ!"

शिवकुमारनं मात्र विचारलं, "त्यानं होतं काय?"

"चप्पल निसटती, पाय अडखळतो. हळूहळू वाढतं, औषध न्हाय. लेकरांतबी येऊ शकतं."

"मग उंबऱ्यावरचं माप ओलांडायला जमंल का?"

"आमच्या घरचा पाय तर सगळ्यांपरीस उंच जातो," गायत्री म्हणाली.

शिवकुमार खदखदून हसला. "काका, तारीख धरा."

लग्न झालं. सास्तुरात कुजबूज अजून चालूच आहे. रेवणप्पानं आयुष्यात दारू चाखलेली नाही. त्याच्या शरीरात एका जनुकाची एक प्रत जास्त आहे, म्हणून त्याचे पाय तसे पडतात.