मार्तंड गुरुजींची तपासणी

उमरीत मार्तंड बिलोलीकर कुठं राहतात असं विचारलं, तर माणूस जरा डोकं खाजवतो. 'उगालदान गुरुजी' म्हटलं, की स्टेशनासमोरचा चहावालासुद्धा हातातली किटली खाली ठेवून घर दाखवायला पुढं येतो.

हे नाव पोरांनी दिलेलं. गुरुजी शाळेवर रुजू झाले तेव्हा भिंतींचे कोपरे पानाच्या पिचकाऱ्यांनी लालभडक झाले होते, आणि त्यातल्या निम्म्या पिचकाऱ्या मास्तर लोकांच्याच. गुरुजींनी घरून वडिलांचं पितळी उगालदान आणलं, घासून लख्ख केलं आणि हेडमास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. "साहेब, थुंकायचंच असंल तर ह्यात थुंका. भिंतीनं आपलं काय घोडं मारलं?" हेडमास्तर बरेच दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. पण पान खायला शाळेच्या फाटकाबाहेर जाऊ लागले.

त्यानंतर शाळेत कुणी थुंकलं तर गुरुजी छडी उगारत नसत. बादली आणि काथ्याचा ब्रश आणत. भिंतीच्या एका टोकाला पोरगा, दुसऱ्या टोकाला स्वतः गुरुजी, दोघं मिळून घासत. पोरांना मार परवडला असता, पण गुरुजींना आपल्याबरोबर उकिडवं बसलेलं बघवत नसे.

स्वतः गुरुजी तर कधी म्हणजे कधीच थुंकले नाहीत. सर्दी झाली, कफ आला, तरी घोट गिळायचा आणि वर पाणी प्यायचं. सौदामिनीबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना हे अजब वाटलं होतं. पुढं सवय झाली.

रिटायर होऊन बरीच वर्षं लोटल्यावर, एका संक्रांतीनंतर गुरुजींना खोकला धरला. दिवसभर बरे असायचे, संध्याकाळी अंगात कणकण यायची. सदऱ्याचे खांदे उतरू लागले. आवडीची अंबाडीची भाजी पुढ्यात आली तरी दोन घास खाऊन ताट सरकवायचे. सौदामिनीबाईंनी काढे दिले, हळद-दूध दिलं, शेवटी रागावूनही पाहिलं.

अशात आरोग्य खात्याची बुद्धप्रिया घरोघरी चौकशी करत आली. तिच्या बापाला गुरुजींनीच शिकवलेलं, त्यामुळं पोरगी हक्कानं ओसरीवर बसली.

"गुरुजी, खोकला कधीपासून हाय?"

"असतो गं. हवा बदलली की होतो."

"हवा बदलून दोन महिने झाले," सौदामिनीबाई आतून म्हणाल्या. "तू लिहून घे, माय. हे काही खरं सांगून राहिले नाहीत."

बुद्धप्रियानं त्यांना दवाखान्यात नेलं. मागच्या लिंबाखाली, मोकळ्या हवेत उभं करून हातात डबी दिली. लांब श्वास घ्यायचा, छातीतून खोकायचं आणि बेडका डबीत टाकायचा, असं नीट समजावलं. गुरुजींनी श्वास घेतला, खोकलेही जोरात. पण वर आलेलं तोंडापर्यंत पोचलं की घसा आपोआप आवळायचा, आणि घोट खाली. डबीत पडायची ती नुसती लाळ. लॅबवाल्यानं ती परत पाठवली. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं.

"गुरुजी, गिळू नका ना!"

"मी मुद्दाम करून राहिलो का, पोरी? घसाच ऐकंना."

एक्स-रे काढला तर उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसला. डाग क्षयाचा की आणखी कशाचा, ते नुसत्या फोटोवरून ठरेना. मग गुरुजींना नांदेडला धाडलं.

तिथल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर मंजुश्री होत्या. त्यांनी मिठाच्या पाण्याची वाफ देऊन पाहिली. गुरुजी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर खोकले आणि सवयीनं सगळं गिळून मोकळे झाले. नळी घालून फुप्फुसातला नमुना काढता आला असता, पण गुरुजींचं हृदय आधीच अशक्त, धाप लागलेली. ती जोखीम डॉक्टरांना शेवटी ठेवायची होती.

"आणखी एक वाट आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही कफ गिळता. म्हणजे त्यातले जंतू पोटात जातात, आतड्यातून पुढं जातात. शौचाच्या नमुन्यात त्यांचा अंश मशीनला सापडू शकतो. लहान मुलांना थुंकता येत नाही, त्यांच्यात हे करतात. मोठ्या माणसांत कितपत उपयोगी पडतं, त्याचा आमच्याकडं अभ्यास चालू आहे. तुमची तयारी असली तर बघू. काही नाही सापडलं, तरी क्षय नाहीच असं मी म्हणणार नाही. पुढं शोधू."

गुरुजी कानापर्यंत लाल झाले. उठले, डॉक्टरांना नमस्कार केला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. सौदामिनीबाई मागोमाग गेल्या.

"असलं काही मला जमायचं नाही," गुरुजी हळूच म्हणाले. "ती लेकीच्या वयाची बाई. तिच्या हातात मी काय देऊ?"

"तिला त्याचं काही नाही. तिचं ते रोजचं काम हाय."

"माझं नाही ना."

बाई त्यांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, जन्मभर सगळ्यांचं सगळं पोटात घातलंत. आता डॉक्टर पोटालाच विचारून राहिल्यात, तर सांगू द्या की त्याला." आणि पदर डोळ्याला लावला.

बायकोला डोळे पुसताना गुरुजींनी फार थोड्या वेळा पाहिलं होतं. ते आत गेले, सही केली आणि डबी खिशात घातली.

पण पोट कुठं ऐकतंय! एरवी घड्याळ लावावं असं त्यांचं पोट, ते लाजून बसलं. उमरीला परतल्यावर बाईंनी पपई दिली, गरम पाणी दिलं. अखेर काम झालं आणि ती डबी एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून दोघं सकाळच्या गाडीनं नांदेडला निघाली. गुरुजींच्या तोंडाला मास्क, पिशवी मांडीवर, दोन्ही हातांनी गच्च धरलेली.

मुदखेडला शिवशंकर चढला. गुरुजींचा जुना विद्यार्थी, आता बी-बियाणाचं दुकान चालवणारा. गुरुजींना पाहताच तिथंच वाकून पाया पडला आणि पिशवीला हात घातला.

"द्या गुरुजी, मी धरतो. काकूंनी धपाटे दिलेत वाटतं?"

"राहू दे, शिवशंकर."

"असं कसं? गुरुजींनी वझं धरायचं अन् मी बसून बघायचं? द्या हिकडं."

ओढाताण व्हायला लागली. सौदामिनीबाई काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होत्या, पण गुरुजींनी हात वर करून त्यांना थांबवलं. खोटं त्यांना कधी जमलं नव्हतं आणि ह्या वयात ते शिकायची त्यांची इच्छा नव्हती.

"त्यात माझं शौच आहे," ते म्हणाले. आवाज वर्गातल्यासारखाच लागला, साऱ्या डब्याला ऐकू गेला. "क्षयाची शंका आहे. तपासायला नेऊन राहिलो. तू जरा लांब बस."

समोरची दोन माणसं उठून गेली. शिवशंकरचा हात पिशवीवर तसाच राहिला होता. त्यानं तो सावकाश काढला, खिडकीची काच सगळी वर सारली आणि समोरच्या रिकाम्या बाकावर, वाऱ्याच्या तोंडाला बसला.

"हवा लागू द्या, गुरुजी," तो म्हणाला. "नांदेडात माझा पाव्हणा रिक्षा चालवतो. फोन लावतो त्याला."

मग नांदेड येईपर्यंत तो हरभऱ्याच्या भावाबद्दल बोलत राहिला. बाकी कशाचाही विषय काढला नाही. गुरुजी खिडकीबाहेर बघत होते. मास्कची वरची कड ओली झाली होती.

नमुन्यात क्षयाचे जंतू सापडले. औषध लागू पडंल अशाच जातीचे होते, हेही मशीननं सांगितलं. बुद्धप्रिया गोळ्या घेऊन घरी आली तेव्हा गुरुजींनी आपलं ताट-वाटी केव्हाच वेगळी मांडली होती. ती पाहून तिनं डोक्याला हात लावला. "गुरुजी, हे भांड्यानं पसरत न्हाई. खोकताना तोंडावर रुमाल धरा, खिडक्या उघड्या ठेवा अन् गोळ्या चुकवू नका. ते ताट आधी जाग्यावर ठेवा." सौदामिनीबाईंचीही तपासणी झाली, त्यांना काही निघालं नाही.

गोळ्या सुरू झाल्या आणि गुरुजी मोरीतून पांढऱ्याफटक चेहऱ्यानं बाहेर आले. लघवी केशरी झाली होती. बाईंनी घाबरून फोन लावला, तर पलीकडून बुद्धप्रियाचं हसू आवरेना. गोळीचा रंग होता तो. हळूहळू कणकण थांबली. एका दुपारी गुरुजींनी स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "अंबाडीची भाजी नाही का केली?" बाई चुलीपासून तशाच उठल्या आणि अंबाडी आणायला पिशवी घेऊन बाहेर पडल्या.

सहा महिन्यांचा कोर्स पुरा झाला. पुढं एकदा बुद्धप्रियाच गुरुजींना न्यायला आली. नायगावकडच्या एका खेड्यात लक्ष्मीबाई नावाची म्हातारी होती. महिनोन् महिने खोकत होती, बेडका पडत नव्हता, आणि डबीचं नाव काढलं की दार लावून घेत होती.

गुरुजी तिच्या अंगणात बाजेवर बसले. लक्ष्मीबाईनं दाराआडून विचारलं, "मास्तर, बाईमाणसाला असलं मागत्यात का?"

"मलाही मागितलं. मी दिलं."

"तुमी?"

"रेल्वेतून घेऊन गेलो." आणि गुरुजींनी व्हरांड्यापासून शिवशंकरच्या धपाट्यांपर्यंत सगळं सांगितलं, स्वतःच्या आवाजाची नक्कल करून सांगितलं. म्हातारी आधी पदरात हसली, मग उंबऱ्यावर येऊन बसली आणि हसता हसता खोकली.

"मंग? काय निघालं?"

"क्षय निघाला. औषधानं गेला."

लक्ष्मीबाईनं बुद्धप्रियापुढं हात केला. "आण ती डबी. अन् सकाळी लवकर ये बाई, मला वावरात जायचं असतंय."

तिच्या नमुन्यात काही सापडलं नाही. डॉक्टर मंजुश्रींनी तेवढ्यावर सोडलं नाही, आणखी तपासण्या केल्या. जुना दमा निघाला. आता तिला पंपानं ओढायचं औषध मिळालंय. भुईमूग निघाला की ती शेंगांचं गाठोडं उमरीला धाडते, आणि सौदामिनीबाई त्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडतात.