प्लग मारलेल्या पाइपाखालची बादली

मंडळी, या ग्रुपवरचे किस्से मी आजवर निव्वळ टाइमपास म्हणून वाचत आलो. चकवा, हाका, पैंजणांचा आवाज... बायकोला वाचून दाखवायचो आणि दोघं हसायचो. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही... नव्हता. आता स्वतःच लिहायला बसलोय तर माझंच मला कसंतरी वाटतंय. पण कुणाला तरी सांगायलाच हवं, नाहीतर डोकं फुटेल.

मी रत्नागिरीत राहतो, नोकरीही इथलीच. आमचं घर हातखंब्याच्या पुढे, आतल्या गावात. अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्या वर्षी गेले. तेव्हापासून आई घरी एकटी. मी रविवारी जाऊन येतो. मोठा भाऊ, दादा, मुंबईला असतो.

अण्णांची एक सवय होती. गावात पाण्याला मीटर बसले तसे ते रोज झोपताना बाथरूमचा नळ किंचित सोडून खाली बादली ठेवायचे. थेंब थेंब पडलं की मीटर फिरत नाही, हा त्यांचा शोध! अहो, नळाला पाणी टाकीतून येतं आणि टाकी मीटरमधूनच भरते, हे सांगून सांगून मी दमलो. सकाळी ती भरलेली बादली आईच्या आंघोळीला. पुढे पुढे तो नळ बंद केला तरी आपला आपणच गळायला लागला.

अण्णा गेल्यावर आई फोनवर म्हणायला लागली, की हे अजून माझी बादली भरून ठेवतात. मी हसण्यावारी नेलं. दादाने मात्र धसकाच घेतला. आईला भास होतात, एकटी ठेवायची नाही, मुंबईला नेऊन डॉक्टरला दाखवायचं आणि तिथेच ठेवायचं, असं त्याने ठरवूनच टाकलं. आईला तर गाव सोडायचं नावही नको. तिकडच्या फ्लॅटमध्ये ती झुरून जाईल, याची मला खात्री होती. मी दादाला म्हटलं, जरा थांब, नळच दुरुस्त करतो. गळणं थांबलं की तिचं ते बोलणंही थांबेल.

प्लंबर नुसता "येतो, येतो" म्हणायचा. शेवटी व्हिडिओ बघून एका रविवारी मीच पाना घेऊन बसलो. घरावरच्या टाकीखालचा कॉक बंद केला, नळ खोलला, वायसर बदलला, कॉक सोडून पाहिलं... तरी ठिपकतोय तो ठिपकतोयच. वायसर जिथे टेकतो ती आतली बैठकच झिजली होती. नवा नळ आणावा तर दुकानं बंद. वैतागून परत कॉक बंद केला, नळ काढला आणि अण्णांच्या हत्यारांच्या डब्यातला एक प्लग, म्हणजे बूच, पाइपाला घट्ट बसवून टाकला. आट्यांवरची टेफ्लॉन टेप आधी उलटी गुंडाळली, ती वेगळीच तऱ्हा. प्लगचा भरवसा नव्हता, म्हणून कॉकही बंदच ठेवला. मग बादली घासून उपडी टाकली. बिनपाण्याच्या घरात आईला कशी ठेवणार? तिला स्कूटरवर बसवून रत्नागिरीला घेऊन आलो. मागच्या दाराला आतून अडसर, पुढे कुलूप, चावी माझ्या खिशात.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली, नवा नळ घेतला आणि दोघं परत घरी गेलो. कुलूप मीच काढलं. आई पाय धुवायला म्हणून सवयीने बाथरूमकडे गेली आणि दारातच थबकली.

बादली सुलटी होती. काठोकाठ भरलेली. वर पाइपाचा प्लग कोरडा ठणठणीत, खालची लादीही कोरडी. मी धावत वर जाऊन कॉक पाहिला, तो बंद. मागचा अडसर जागच्या जागी. शेजारच्या काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, कुलूप लावलेल्या घरात मी कशी शिरणार?

मला वाटलं, आई आता म्हणेल, बघ, मी सांगत नव्हते? पण ती भिंतीला धरून खालीच बसली.

"नळ गळतो हे मला कळत नव्हतं होय रे?" ती म्हणाली. "मी आपली मनाला बरं वाटावं म्हणून तसं बोलायची. दादा फारच मागे लागला तर जायचं, असंही ठरवलं होतं. आता कशी जाऊ मी?"

मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर रडूही आलं. काय करावं सुचेना, म्हणून नवा नळ बसवला. दादाला सगळं जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, आता तुम्ही दोघंही डॉक्टरकडे चला.

त्यानंतर काही म्हणजे काही घडलेलं नाही. मी खूप डोकं चालवलं. बादली उपडी टाकायची राहिली असेल म्हणावं, तर आईनेही ती उपडी पाहिली होती. चोर आला म्हणावं, तर कुठला चोर पाणी भरून जातो? आई गावीच आहे. दादा फोनवर माझ्याशी भांडतो आणि मी तिची बाजू घेतो, पण नेमकी कशाची बाजू घेतोय ते मलाच कळत नाही.

परवा मी निघालो तेव्हा ती फाटकापर्यंत आली. म्हणाली, "तू नळ नीट केलास म्हणून ते यायचे थांबले का रे?"

"रविवारी येतो" म्हणून मी स्कूटर सुरू केली. तुमच्यापैकी कुणाला यातलं काही कळत असेल तर लिहा. रविवारी मला परत तिच्यासमोर जायचंय.