कुंकवाची तार

घरात स्टीरिओ आला तेव्हा मी वीज खात्यात कारकून होतो, म्हणजे फायलींना दोरे बांधत होतो. पण गल्लीच्या लेखी मी इंजिनियर. त्यामुळे दोन्ही स्पीकर मीच जोडले आणि वडिलांना, म्हणजे नानांना, समोर बसवून तबल्याची रेकॉर्ड लावली.

नानांचा जन्म गेला दिवसा संस्थानी कचेरीत आणि संध्याकाळी तबल्यावर. दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "डग्गा कुठाय? नुसती टिकटिक चाललीय. उद्या संध्याकाळपर्यंत डग्गा वाजला तर ठीक, नाहीतर पेट्या दुकानात परत!"

दोन वर्षं हट्ट करून आणलेला स्टीरिओ! तार बारीक पडली, असं निदान करून मी सकाळीच जुनी इंदूर भागातल्या बाजाराकडे सायकल हाणली.

"आवाज भारी चाहिए," मी दुकानदाराला ऐटीत सांगितलं.

"तो भिया, तार भी भारी लो ना!" म्हणत त्याने विहिरीच्या मोटरची जाडजूड काळी तार गळ्यात मारली.

जोडली. डग्गा तसाच गायब.

बायको वाकून बघत म्हणाली, "अहो, दोन्ही पदर काळेच. कोणता कुठे लावलात?"

"कुठेही लावा, करंट जातोच," मी खात्याच्या अधिकाराने बोललो.

"मग मागे एक स्क्रू लाल, एक काळा कशाला? शोभेला?"

तिने एक पदर बोटांत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपत नेला आणि दोन्ही टोकांना मेण लावून त्यावर कुंकू टेकवलं. दुसऱ्या तारेलाही तसंच. "कुंकवाची लालमध्ये. एवढं जमेल ना इंजिनियरसाहेब?"

तेव्हा कळलं, मी एका पेटीचं लाल-काळं उलट केलं होतं. एक पेटी आवाज पुढे ढकलत होती, दुसरी मागे ओढत होती, आणि त्या भांडणात डग्गा मरत होता.

संध्याकाळी सुई टेकली आणि डग्गा असा घुमला की माझ्या पोटात धा उमटला! नाना डोळे मिटून अख्खी बाजू ऐकत राहिले. मग म्हणाले, "पलट."

मी घाबरून विचारलं, "दुकानात?"

"रेकॉर्ड पलट रे गाढवा!"

मी इतका हवेत होतो की तीच बाजू पुन्हा लावली. नानांनी तीही शेवटपर्यंत ऐकली.