सलीम मिस्त्रीने सेन्सर बदलला

भोरहून उत्रोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सलीम मिस्त्रीचं गॅरेज आहे. पाटी नाही. कुणालाही विचारा, तो आधी हसेल आणि मग रस्ता सांगेल. हसेल ते सलीमच्या तोंडामुळे. गाडी बिघडवून आणणाऱ्याला सलीम जे ऐकवतो, ते ऐकून घ्यायची तयारी असेल तरच माणसाने तिकडे वळावं. पण गाडी बरी होऊन जाते, आणि दुभत्या गाईच्या लाथा गोडच लागतात.

साठी ओलांडलेला हा माणूस खरा कार्बुरेटरच्या जमान्यातला. पुढे गाड्यांमध्ये कॉम्प्युटर आले आणि त्याच्या बरोबरीच्या मिस्त्र्यांनी हात टेकले. सलीमने मात्र पन्नाशीत मुलीचा जुना लॅपटॉप मांडीवर घेतला आणि वर्षभर डोकं आपटून ती विद्याही शिकला. त्याची बायको साबिरा तेव्हा म्हणायची, "निकाह माझ्याशी लावला आन संसार त्या डब्यासंगं." या विद्येचा सलीमला भारी अभिमान. आपण निवडलेली वस्तू चुकली, असं त्याने आयुष्यात कधी कुणाला म्हणू दिलं नव्हतं.

सोनबाची जीप त्याच्याकडे तीस वर्षं यायची. सोनबा वेल्ह्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत राहतो. सकाळी वाडीचं दूध आणि माणसं जीपमधून खाली वेल्ह्याला न्यायची, बाजाराच्या दिवशी नसरापूरला. बहात्तराव्या वर्षीही म्हाताऱ्याची नजर घारीची आणि हात घट्ट. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको फुलाबाई गेली, तेव्हापासून सकाळी उठायला त्याला या जीपचंच काय ते निमित्त होतं. त्या जीपच्या इंजिनाने गेल्या वर्षी राम म्हटला.

सलीमने अपघातातल्या एका गाडीचं टर्बोवालं पेट्रोल इंजीन शोधून जीपमध्ये बसवलं. इंजीन बसलं, पण त्याचा मूळचा कॉम्प्युटर परक्या गाडीत काही केल्या चालेना. वेगळा घ्यावा लागला, आणि त्याबरोबर एक गोष्ट ठरवावी लागली. पेट्रोल किती सोडायचं ते कळायला आत हवा किती जाते ते कॉम्प्युटरला समजावं लागतं. टर्बो तर हवा दाबून भरणारा. तिथे पेट्रोल कमी पडलं की पिस्टनच वितळायचा.

ते समजायचे दोन रस्ते होते. एक, हवेच्या वाटेत तापलेली बारीक तार ठेवायची. जाणारी हवा तिला जेवढी गार करेल, त्यावरून हवा किती ते कळतं. दुसरा, इंजिनाच्या तोंडाशी हवेचा दाब मोजायचा आणि त्यावरून अंदाज बांधायचा. पण तो अंदाज आधी माणसाने गाडी पळवून पळवून, एकेक आकडा भरून कॉम्प्युटरला शिकवावा लागतो. सलीमने तार निवडली. "मोजायची सोय असताना अंदाज कशाला?" तो सोनबाला म्हणाला. "भात किती झालं ते पोती मोजून सांगायचं, का खळ्यावर उभं ऱ्हाऊन नजरेनं?" सोनबाला पटलं. सलीमचं त्याला सगळंच पटायचं.

दोन महिने जीप झकास पळाली. मग एक दिवस वाडीच्या चढणीला, दहा माणसं आत असताना, तिने मान टाकली. इंजीन जपायला कॉम्प्युटरने ताकदच तोडली होती. सलीमने ती तार औषधाच्या फवाऱ्याने साफ करून दिली. गाडी बरी झाली आणि काही आठवड्यांनी पुन्हा तिथेच थांबली. सलीमने पंप बघितला, वायरिंग उसवून परत बांधलं, हवेचे पाईप साबणाच्या पाण्याने तपासले, नसरापूरच्या पंपावरच्या पेट्रोलला शिव्या घातल्या. तिसऱ्यांदा गाडी थांबली, तेव्हा मागे एक बाळंतीण होती.

त्या रविवारी सोनबाचा मुलगा गोरख पुण्याहून आला. तो तिथे कंपनीत आहे, सरळ माणूस. तो म्हणाला, "आबा, अजून एकदा चढणीला थांबली तर मी गाडी विकणार. लोकांच्या जिवाशी खेळ नको." त्याचं काही चुकत नव्हतं, हेच तर अवघड होतं. सोनबा त्या दिवशी जेवला नाही.

सोमवारी जीप पुन्हा सलीमच्या दारात आली. सोनबा एका जुन्या टायरवर बसला. सलीमने यावेळी अगदी पहिल्यापासून सुरुवात करायची म्हणून हवेच्या फिल्टरचा डबा उघडला, आणि आतून मुंग्यांची रांग बाहेर आली. फिल्टरचा कागद ओलसर, पिवळा. सलीमने तो नाकाशी धरला. शेंगदाण्याचं तेल! तेच तेल वाफ होऊन तारेवर बसत होतं, त्यावर धूळ चिकटत होती. मग तारेला हवा कमी वाटायची आणि पेट्रोल कमी सुटायचं.

सलीमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडात शिव्या तयारच होत्या. "आबा, फिल्टरला कोन हात लावतं?" त्याने विचारलं.

"म्याच की," सोनबा सहज म्हणाला. "दर शनवारी मारुतीला तेल घालून आलो का वाटीत उरतं, ते तितं सोडतो. जुन्या फिल्टरात तेलाची वाटीच असायची न्हवं? धूळ तितं बसायची. फुलाबाईच करायची ते. 'देवाचं झालं, आता हिचं,' म्हनायची. ती गेली, आन शनवारचं तेवढं काम मला ठेवून गेली."

सलीम फिल्टर हातात धरून उभा राहिला. म्हाताऱ्याकडे त्याने एकदा बघितलं आणि फिल्टर फडक्यात गुंडाळून ठेवला. "बरं," एवढंच तो म्हणाला. "गाडी हितं ठेवा. तुमी ष्टीनं जावा."

घरी त्याने साबिराला सगळं सांगितलं.

"मग सांगा की त्यास्नी, तेल सोडू नका म्हनून," ती म्हणाली.

"सांगायला काय, एक मिनिट लागंल. पन मग शनवारी उरलेली वाटी घिऊन तो मानूस जानार कुठं?"

साबिरा भाकरी थापता थापता थांबली. नवऱ्याच्या तोंडून असलं काही ऐकायची तिला सवय नव्हती. तिला त्याचं फार बरं वाटलं, पण तसं म्हणायची त्यांच्या घरात रीत नव्हती. "मग तुमचं ते तारंचं बदला," ती म्हणाली. "देवानं काय एकच रस्ता केलाय व्हय?"

सलीमने तार काढून टाकली. इंजिनाच्या तोंडाशी दाबाचा सेन्सर बसवला. हवेच्या वाटेत तेल बसून बिघडेल असं काही ठेवलंच नाही. कागदाच्या फिल्टरच्या जागी तेल सोसणारा सुती फिल्टर आणला, धुऊन पुन्हा वापरता येणारा. आणि मग, ज्या अंदाजाला तो नाक मुरडत होता, तो कॉम्प्युटरला शिकवायला बसला. पंधरा दिवस सोनबा जीप चालवायचा, शेजारी सलीम मांडीवर लॅपटॉप घेऊन, मागे माणसांच्या वजनाला वाळूची पोती. चढण चढायची, थांबायचं, दोन आकडे बदलायचे, खाली यायचं, पुन्हा चढायची. भोरच्या गॅरेजात त्या दिवसांत गिऱ्हाइकं कुलूप बघून परत गेली. तेलाचं कुणी काही बोललं नाही.

मग गोरख आला. बाजारचा दिवस होता, जीप माणसांनी आणि तांदळाच्या पोत्यांनी भरली होती. गोरख मागे बसला, सलीम पुढे. चढणीच्या अवघड वळणाला सोनबाने गिअर टाकला, टर्बोची शिट्टी वाजली आणि जीप न अडखळता माथ्यावर गेली. माणसं उतरून वाडीकडे चालू लागली.

"आता सांगा मिस्त्री," गोरख म्हणाला, "इतके दिवस चूक कुणाची होती?"

"माझी," सलीम म्हणाला. "म्या निवडलं ते हितल्या कामाचं नव्हतं."

"म्हणजे आमी आधीच पुण्याला दाखवायला पायजे होती. तुमच्या भरवशावर उगं ऱ्हायलो."

एरवी असं कुणी म्हटल्यावर सलीमने काय केलं असतं, ते अख्ख्या भोरला ठाऊक आहे. तो म्हणाला, "व्हय."

गोरख वडिलांकडे वळला. "चालवा आबा. उतारावर दमानं." आणि पोतं खांद्यावर घेऊन तोही वाडीकडे गेला.

टर्बो तापलेला असताना इंजीन लगेच बंद करत नाहीत, म्हणून दोघं तसेच बसून राहिले. सोनबाचे हात स्टेअरिंगवर होते.

"त्या दिशी तुमी फिल्टरचा वास घेतला आन शिवी दिली न्हाई," तो म्हणाला. "सलीम मिस्त्री गप बसला, तवाच मला उमगलं, चूक माझी हाय. पन पोराला सांगितलं असतं तर त्यानं गाडी इकली असती. म्या भ्यालो. आत्ता बी तुमचं नाव जाताना ऐकत बसलो, आन बोललो न्हाई."

सलीमने समोरच्या काचेवरची धूळ बाहीने पुसली.

"आता न्हाई सोडत तेल," सोनबा म्हणाला. "शपथ."

"तेल बंदच करायचं असतं, तर म्या पंधरा दिस हितं कशाला घालवलं असतं?" सलीम म्हणाला. आवाज नेहमीसारखा चढायला हवा होता, पण चढेना. "सोडत जावा शनवारी. चार थेंब. महिन्याला फिल्टर माझ्याकडं धुवायला आनायचा."

फुलाबाई गेली तेव्हा लोकांसमोर न रडलेला सोनबा स्टेअरिंगवर डोकं टेकून रडायला लागला. सलीमने त्याच्या पाठीवर हात ठेवला. टर्बो निवायला दोन मिनिटं पुरतात. त्या दिवशी इंजीन बराच वेळ चालू राहिलं, आणि पेट्रोल फुकट जातंय म्हणून सलीम कुणावर ओरडला नाही.