रंगाऱ्याचे डावे मूत्रपिंड

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान व्यवसायाने रंगारी. फिकट झालेल्या कापडाला त्याच्या मूळ रंगावर आणून देणे, ही त्यांची ख्याती. नमुना म्हणून नखाएवढा तुकडा मिळाला तरी त्यांना पुरे होई.

वर्षभर त्यांना वरचेवर लघवीला धाव घ्यावी लागे. औषधे झाली, परंतु तपासणीत नेहमीचे जंतू सापडेनात. अखेर सलग तीन दिवस सकाळची पहिली लघवी तपासल्यावर मूत्रमार्गाचा क्षय असल्याचे निष्पन्न झाले. उजवे मूत्रपिंड तोवर आक्रसून निकामी झाले होते. डावे, मूत्रवाहिनी अरुंद झाल्यामुळे, सुजले होते. तिच्यात बारीक नळी बसवून डॉक्टर म्हणाले, "सहा महिने गोळ्या. एकही चुकवायची नाही. आता सगळी भिस्त या डाव्यावर." त्यांनी आणखीही एक सूचना केली, परंतु तेव्हा मेहुण्यांचे लक्ष दवाखान्याच्या पडद्याकडे होते. त्याचे दोन भाग निरनिराळ्या खेपांत रंगवलेले होते, आणि ही गोष्ट त्यांना सहन होत नव्हती.

दुसऱ्याच दिवशी लघवी लालसर केशरी झाली. बहिणीने गोळ्यांचा डबा कपाटात कोंडला.

"रक्त आहे ते! पुरे झाली ती औषधं."

"अगं, चाळीस वर्षं रंगात हात बुडवतोय. रक्त असं दिसतं का?"

"स्वतःच्या सदऱ्यावरचा चहाचा डाग दिसत नाही, आणि म्हणे रंग ओळखतो!"

मेहुण्यांनी वाद वाढवला नाही. पांढऱ्या सुती कापडाची एक पट्टी त्यांनी त्या लघवीत बुडवली, दुसरीवर बोट टोचून रक्ताचे थेंब घेतले, आणि दोन्ही उन्हात वाळवल्या. रक्ताची पट्टी तपकिरी झाली. दुसरी केशरीच राहिली. बहिणीने कुलूप काढले, तरी खात्रीसाठी दोघे दवाखान्यात गेलेच. पट्ट्या पाहून डॉक्टरांना हसू आवरेना.

"अहो, हा गोळ्यांचाच रंग. मी सांगितलं होतं की!"

"सांगितलं असेल, डॉक्टर. पण तुमचा तो पडदा..."

"चूप बसा हो!" बहीण म्हणाली.

सहा महिन्यांत एकही गोळी चुकली नाही. पुढे नळी काढली, आणि काही आठवड्यांनी सोनोग्राफी झाली; त्या दिवशी त्यांनी मलाही सोबत नेले होते. डॉक्टर एकाच जागी यंत्र पुन्हा पुन्हा फिरवू लागले. बहिणीने माझा दंड घट्ट धरला.

"सूज उतरली आहे. वाट मोकळी. मूत्रपिंड उत्तम."

बहीण एकाच वेळी रडू आणि हसू लागली. मेहुणे मात्र चष्मा पुसून पडद्यावरील चित्र न्याहाळत राहिले.

"सगळं करडंच तर दिसतंय. यात बरं झालेलं कुठं दिसतं?"

"त्यांना दिसलं ना? झालं तर मग!" बहिणीने त्यांचा हात ओढला. "चला घरी."